जुनी कंबरदुखी: डॉक्टर एक सांगतात, फिजिओ दुसरं, आईला तिसरंच हवंय. ऐकायचं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५६. तीन वर्षांपासून कंबर दुखते. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये एल४-एल५ पातळीवर (कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे चकती थोडी बाहेर फुगलेली, असं आलंय. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा, प्रेगाबालिन-मेथिलकोबालामिनची गोळी दिली आणि 'वाकू नका, खाली बसू नका' असं सांगितलं. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, व्यायामाशिवाय पर्याय नाही. आईला शेक आणि मालिशनेच बरं वाटतं, व्यायाम नको म्हणते. कोणाचं ऐकायचं?

तिघांमधून एकाला निवडायची गरज नाही. आईंना आजचं दुखणं कमी व्हायला हवंय. डॉक्टरांना काळजी आहे की मणक्यातलं काही गंभीर नजरेतून सुटू नये. फिजिओंचं लक्ष सहा महिन्यांनी त्या काय करू शकतील याकडे आहे. तिन्ही अपेक्षा रास्त आहेत. अडचण ही की या तिघांचं आपसात बोलणं झालेलं नाही, आणि 'तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय?' हे आईंना कुणी विचारलेलं दिसत नाही. माझ्या मते जुन्या कंबरदुखीचा उपचार या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा.

बारा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीला जुनी म्हणतात. या दुखण्यात बाकी सगळ्यांना खूप मागे टाकणारा असा एकही उपचार आज आपल्याकडे नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिचा व्यायामावरचा २०२१ चा आढावा २४९ चाचण्यांवर आधारलेला आहे. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं १०० पैकी सुमारे १५ गुणांनी कमी झालं. इतर उपचारांशी तुलना केली तर फरक सुमारे ९ गुणांचा. उपयोग खरा आहे, पण मध्यम आहे. अशा वेळी रुग्ण कोणता उपचार मनापासून, महिनोन्महिने करेल याला मोठं वजन येतं. मात्र काही पसंती जशाच्या तशा मान्य करता येतात, काहींना अट घालावी लागते आणि काहींना स्पष्ट नाही म्हणावं लागतं.

आधी हे तपासा

पसंतीचं बोलणं सुरू करण्याआधी काही गोष्टी नाहीत याची खात्री हवी. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, चालताना पाऊल उचललं न जाणं: यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घ्यायची नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं आणि आडवं पडूनही न थांबणारं दुखणं हे एकत्र असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी डोक्यात यायला हवा. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, बरेच महिने स्टेरॉइड घेतलं असेल, किंवा पाळी गेल्यानंतर साध्या पडण्या-घसरण्याने दुखणं सुरू झालं असेल (हाड ठिसूळ होऊन मणका दबलेला असू शकतो), तर लवकर तपासणी हवी. तरुण माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहते आणि हालचालीने मोकळी होते, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही, तरी ताप आणि वजन यांबद्दल आईंना एकदा मुद्दाम विचारा. बायका हे आपणहून सांगत नाहीत.

रिपोर्टमधलं 'बल्ज'

२०१५ मध्ये एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशांचे मणक्याचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये बल्ज होतं, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांमध्ये आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये. म्हणजे आईंच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या दहा जणींचा एमआरआय काढला तर त्यातल्या सहा जणींच्या रिपोर्टवर हाच शब्द येईल. पायात कळ नाही, पायाची ताकद आणि संवेदना ठीक आहेत, तर या बल्जला दुखण्याचं कारण ठरवता येत नाही. 'गॅप वाढली', 'चकती सरकली', 'नस दबली' हे शब्द मात्र एकदा कानावर पडले की वर्षानुवर्षं पुसले जात नाहीत, आणि माणूस वाकायला घाबरायला लागतो. ती भीती हाच पुढे दुखण्याचा मोठा भाग होऊन बसतो.

तरीही रुग्णांना एक्सरे-एमआरआयचा फोटो हवा असतो आणि त्यामागची ओढ समजून घेण्यासारखी आहे. 'मला खरंच काहीतरी होतंय' याचा पुरावा घरच्यांपुढे ठेवायला मिळतो, विशेषतः घरकाम करणाऱ्या बाईला. इंग्लंडमध्ये ४२१ रुग्णांवर झालेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा एक्सरे काढला त्यांना तीन महिन्यांनी कंबरदुखीची तक्रार न काढलेल्यांपेक्षा जास्तच होती. तरी नऊ महिन्यांनी तेच उपचारांवर जास्त समाधानी होते. दोन्ही गटांतले ८० टक्के लोक म्हणाले, निवड दिली तर आम्ही एक्सरे काढूनच घेऊ. अमेरिकेत २००३ मध्ये ३८० रुग्णांत साधा एक्सरे आणि झटपट एमआरआय यांची तुलना झाली. एक वर्षानंतर दुखण्यात आणि कामाच्या क्षमतेत फरक नव्हता, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही पसंती एमआरआयलाच होती. समाधान आणि सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन अभ्यासांइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

तुमच्याकडे एमआरआय झालेलाच आहे. वर लिहिलेल्या खुणांपैकी काही नवं आलं नाही तर तो पुन्हा काढू नका. 'वर्ष झालं, एकदा बघून घेऊ' हे कारण पुरेसं नाही.

उपचार करणाऱ्यांच्याही पसंती असतात

उपचार देणाराही रिकाम्या मनाने बसलेला नसतो. ज्याच्या हातात शस्त्रक्रिया आहे त्याला रचनेतला दोष आधी दिसतो, ज्याच्याकडे यंत्रं आहेत त्याचा हात यंत्राकडे जातो. गर्दीच्या ओपीडीत प्रत्येक रुग्णाला पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात व्यायामाची भीती घालवता येत नाही, गोळी मात्र लिहून होते. शिवाय बऱ्याच डॉक्टरांना वाटतं की रुग्णाला गोळी, पट्टा, इंजेक्शन असं काहीतरी हातात हवंच असतं, न दिलं तर तो दुसरीकडे जाईल. रुग्णाला बहुतेक वेळा हवं असतं ते नीट तपासणं, समजेल असं कारण आणि 'हे बरं होण्यासारखं आहे' हा भरवसा. असे दोघेही एकमेकांच्या मनातलं चुकीचं ओळखतात आणि शेवटी ज्याने फारसा फायदा नाही ते दिलं-घेतलं जातं.

डॉक्टरांची स्वतःची भीतीही रुग्णात उतरते. वाकणं धोक्याचं आहे असं मानणारे डॉक्टर विश्रांती जास्त सांगतात आणि त्यांचे रुग्णही हालचालीला जास्त घाबरतात, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. 'वाकू नका, खाली बसू नका' हा सल्ला नव्या, तीव्र दुखण्यात चार-आठ दिवस ठीक आहे. तीन वर्षं पाळला तर पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, गुडघे-खुबे आखडतात आणि एके दिवशी खाली पडलेला चमचा उचलतानाही कंबर भरते. मग 'बघा, वाकू नका म्हटलं होतं' असं होतं, आणि सल्ला खरा ठरल्यासारखा वाटतो.

तज्ज्ञांच्या संस्थांमध्येही एकमत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम, समजावणं, मालिश, मणक्याची हाताळणी, सुया टोचण्याचे उपचार आणि मानसोपचारातली बोलण्याची तंत्रं यांना होकार आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये अॅक्युपंक्चरला नकार दिला आणि मालिश-हाताळणीला व्यायामाच्या जोडीनेच परवानगी दिली. पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं), टेन्स (त्वचेवरून सौम्य विजेचे झटके) आणि अल्ट्रासाउंड यंत्र यांच्याबाबत मात्र दोघांचंही मत एकच आहे: नियमित देऊ नये. आपल्याकडच्या 'दहा सिटिंग'च्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नेमकं हेच असतं.

आईंची पसंती कुठे मान्य करायची

शेक आणि मालिश यांना मी नाही म्हणणार नाही. अमेरिकेत २००१ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या १३५ रुग्णांची माहिती तपासली गेली; काहींना मालिश मिळालं होतं, काहींना अॅक्युपंक्चर. मिळालेल्या उपचारावर ज्यांचा आधीपासून भरवसा होता त्यांच्यापैकी ८६ टक्के सुधारले, ज्यांचा भरवसा कमी होता त्यांच्यापैकी ६८ टक्के. रुग्णाचा विश्वास हा उपचाराचाच एक भाग आहे, तो वाया घालवू नये.

पण अट अशी: शेक किंवा मालिश झाल्यावर जो तास-दोन तासांचा आराम मिळतो, त्या वेळेत चालणं आणि व्यायाम करायचा. शेक १५ ते २० मिनिटं, पिशवी आणि त्वचा यांच्यामध्ये टॉवेलची घडी. पिशवी अंगाखाली घेऊन झोपी जाऊ नये. कंबरेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात ते रोजच्या जास्त शेकामुळे. मधुमेह असून संवेदना कमी असेल तर पिशवीचं पाणी आधी दुसऱ्या कुणीतरी हाताने पाहावं. मालिश आठवड्यातून एक-दोनदा, सहा आठवडे, मग कमी करत जायचं. तेल कोणतं याने फरक पडत नाही. कटीबस्ती आवडत असेल तर तीही याच हिशोबात धरा.

कंबर 'बसवणाऱ्यां'कडे झटका देऊन घेणं मात्र आईंच्या बाबतीत टाळा. पाळी गेलेल्या वयात हाडांची घनता माहीत नसताना मणक्याला जोराचा झटका देणं योग्य नाही. आणि घटक लिहिलेले नाहीत अशा पुड्या किंवा काळ्या गोळ्या तर कुणीच घेऊ नयेत. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर शंका घ्यावी.

पट्ट्याबद्दल: त्याने जुनी कंबरदुखी कमी होते असा चांगला पुरावा नाही. पट्ट्याने स्नायू लगेच निकामी होतात हेही खरं नाही. खरा तोटा हा की पट्ट्याशिवाय हलायची हिंमत होत नाही. एसटीचा लांबचा प्रवास किंवा लग्नघरातला उभ्याचा दिवस असेल तर दोन तास लावा. घरात, झोपताना, व्यायाम करताना नको. आज दिवसभर लावत असतील तर दर आठवड्याला एक-एक तास कमी करा.

झोपण्यासाठी फळी किंवा जमीनच हवी हाही एक पक्का समज आहे. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर जास्त सुधारली. आईंना जमिनीवर बरं वाटत असेल तर झोपू द्या, पण त्रास सोसून फळीवर झोपायची गरज नाही.

आणखी दोन समज आईंच्या वयाच्या बायकांमध्ये खूप खोलवर असतात, त्यांवर बोला. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे वर्षानुवर्षं कंबर दुखत नाही. टोचलेली जागा काही दिवस दुखते, एवढंच. आणि अंगावरून पांढरं जाण्याने कंबर झिजत नाही. त्रास असेल तर त्याचा उपचार वेगळा, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करावा.

औषधांचं

प्रेगाबालिन हे मज्जातंतूच्या दुखण्यासाठीचं औषध आहे. नुसत्या कंबरदुखीत त्याचा उपयोग दिसलेला नाही. पायात कळ जाणाऱ्या सायटिकामध्येसुद्धा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. चक्कर, झापड, वजन वाढणं, पावलांना सूज हे त्याचे त्रास. रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडणं ही या वयात खरी भीती. पण गोळी एकदम बंद करू नका, झोप उडते, घाम येतो, अस्वस्थ वाटतं. डॉक्टरांशी बोलून किमान आठवडाभरात, मोठा डोस असेल तर आणखी हळू, उतरवत न्यायची.

मेथिलकोबालामिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. शुद्ध शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ कमी असू शकतं. रक्त तपासून कमी असेल तर जरूर घ्या. कंबरदुखीचं औषध म्हणून नाही. ड जीवनसत्त्वाचंही तसंच.

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटातल्या गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. दुखणं उसळलं की कमीत कमी डोसमध्ये पाच-सात दिवस, जेवणानंतर. नेहमी होणारी गडबड अशी: एका डॉक्टरांची गोळी चालू असताना मेडिकलमधून दुसऱ्या नावाची आणली जाते आणि दोन्हींत एकाच गटाचं औषध निघतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. आईंना रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी दोन्ही चालू असतील तर त्यांवर ही तिसरी घेतल्याने मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी विचारल्याशिवाय एकही दिवस नको. पॅरासिटामॉल तुलनेने सौम्य, पण या दुखण्यात उपयोगही फारसा नाही.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांचा विचार आईंच्या लक्षणांत येतच नाही. पायात कळ नसताना, फक्त कंबरदुखीसाठी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया कसून केलेल्या पुनर्वसनापेक्षा फारशी सरस ठरत नाही, हे २००५ मध्ये ब्रिटनमधल्या ३४९ रुग्णांच्या चाचणीत दिसलं.

'व्यायाम नको' याचा अर्थ काय

या वाक्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. व्यायामाने दुखलं होतं? मग मात्रा जास्त झाली होती. वेळ नाही? मग कामाच्या मध्येच बसवावा लागेल. सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर लाज वाटते? मग वेळ आणि जागा बदला. की 'माझी चकती सरकलीय, व्यायामाने आणखी सरकेल' ही भीती? मग आधी एमआरआयचं वर लिहिलेलं त्यांना डॉक्टरांकडून समजावून द्या. तुम्ही सांगण्यापेक्षा ज्यांनी 'वाकू नका' म्हटलं त्यांनीच 'आता वाकायला हरकत नाही' म्हटलं तर त्याचा परिणाम कितीतरी जास्त होतो.

त्यानंतर आईंना तीन कामं निवडायला सांगा, जी आज जमत नाहीत आणि जमायला हवीत. समजा त्या म्हणाल्या: देवळात मांडी घालून अर्धा तास बसणं, पाण्याची बादली उचलणं, बाजारात पायी जाऊन येणं. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायला लावा. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. कागदावर तारीख घालून लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा विचारा. सरासरी दोन गुणांनी वाढली तर ती खरी सुधारणा समजावी, दुखणं तेवढंच वाटत असलं तरी.

आता व्यायाम या तीन कामांतूनच काढायचा, मग तो उपरा वाटत नाही.

चालणं: तीन दिवस, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते मोजा. समजा १२, ८ आणि १० मिनिटं आली, सरासरी १०. सुरुवात त्याच्या ८० टक्क्यांनी, म्हणजे ८ मिनिटांनी. बरं वाटलं तरी ८, कंबर भरलेली असली तरी ८, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला २ मिनिटं वाढवा. अकरा आठवड्यांत ३० मिनिटं होतात. हे पुढेही सोडायचं नाही. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना टप्प्याटप्प्याने आठवड्यातून पाच वेळा ३० मिनिटं चालण्यापर्यंत नेलं होतं. दुखणं परत येईपर्यंतचा मधला काळ, चालणाऱ्यांत २०८ दिवस आणि न चालणाऱ्यांत ११२ दिवस निघाला.

खाली बसणं: आधी साध्या, सुमारे ४५ सेंटिमीटर उंच खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, ८ वेळा, असे तीन फेरे, मध्ये एक मिनिट थांबून. सहज जमलं की ३० सेंटिमीटरचं स्टूल. मग चौरंग. मग पाट, भिंतीला पाठ टेकून, पाच मिनिटं. मग भिंत सोडायची. प्रत्येक पायरीला एक-दोन आठवडे. गुडघे दुखत असतील तर पाटापर्यंत जायची घाई नको. देवळात उशीची घडी घेऊन बसायला काही कमीपणा नाही.

उचलणं: पिशवीत पाण्याच्या बाटल्या, एक लिटर म्हणजे एक किलो. दोन किलोपासून सुरुवात, खुर्चीच्या उंचीवरून उचलून पुन्हा तिथेच ठेवायची, १० वेळा, दोन फेरे, एक दिवसाआड. दर आठवड्याला अर्धा ते एक किलो वाढवा. पाच किलो सहज झाले की पिशवी जमिनीवर ठेवा आणि वजन पुन्हा तीन किलोवर आणा. अर्धी बादली साधारण सात किलोची होते, तिथपर्यंत दोन-अडीच महिने लागतात. पाठ ताठ ठेवायची की थोडी वाकवायची यावर फार अडू नका. ओझं अंगाजवळ असावं आणि श्वास रोखू नये, एवढं पुरे.

याला जोड म्हणून उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलण्याचा व्यायाम: पाच मोजेपर्यंत धरायचं, १० वेळा. बस. चारच गोष्टी. बारा चित्रांचा झेरॉक्स कागद घरी आणला की आठवड्यात तो फ्रिजवर चिकटतो आणि व्यायाम थांबतो.

आईंना योगासनं जास्त आपली वाटत असतील तर हे सगळं सोडून योगवर्गही चालेल. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२० रुग्णांच्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरला. फक्त शिक्षकांना कंबरदुखीचं आधी सांगा, आणि पहिल्याच आठवड्यात पश्चिमोत्तानासन किंवा बारा सूर्यनमस्कार नकोत. कुठला व्यायाम हे आईंनी ठरवावं, व्यायाम करायचा हे मात्र पक्कं.

कुठे बिघडतं

सर्वात जास्त लोक चौथ्या-पाचव्या दिवशी सोडतात. मांड्या आणि पाठ भरून येते, वाटतं की चकती बिघडली. नियम हा: व्यायाम करताना दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाऊ नये, आणि वाढलेलं दुखणं चोवीस तासांत पहिल्या पातळीवर यावं. तसं होत असेल तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही जास्त असेल तर मात्रा एक तृतीयांशाने कमी करा, पण बंद नको.

दुसरी चूक बऱ्या दिवशीची. बरं वाटलं म्हणून दिवाळीची सगळी साफसफाई एकाच दिवशी उरकली जाते, मग चार दिवस अंथरूण. म्हणूनच मिनिटं आणि फेरे आधी ठरलेले हवेत, त्या दिवसाच्या दुखण्यावर नकोत.

तिसरी गोष्ट घरच्यांची. 'आई, तू राहू दे, मी उचलतो' हे प्रेमच असतं, पण रोज ऐकलं की आईंनाही वाटायला लागतं की आपली कंबर काचेची आहे. जड सिलिंडर तुम्ही उचला. भाजीची पिशवी त्यांना उचलू द्या.

आणि झोप, चिंता, उदासी. रात्र-रात्र झोप लागत नसेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर नुसता व्यायाम पुरत नाही. डॉक्टरांना हे वेगळं सांगा. मानसोपचाराकडे पाठवलं म्हणजे 'दुखणं मनाचं आहे' असं नव्हे. जुन्या दुखण्यात मेंदूची दुखणं जाणवण्याची पातळीच खाली आलेली असते आणि तिथेही उपचार करता येतो.

डॉक्टरांशी कसं बोलायचं

पुढच्या भेटीला तीन कामांचा कागद घेऊन जा, तो आधी पुढे ठेवा. मग विचारा: पायाची ताकद, संवेदना आणि हातोडीने टोकल्यावर पाय आपोआप उडतो तो झटका तपासल्यावर नस दबल्याची खूण आहे का? नसेल तर आईला वाकायची मोकळीक तुम्ही स्वतः तिला सांगाल का? ही गोळी किती आठवड्यांसाठी, आणि उपयोग झाला नाही तर कशी उतरवायची? बहुतेक डॉक्टर अशा नेमक्या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट त्यांचं काम सोपं होतं. 'इंटरनेटवर वाचलं की तुमची गोळी चुकीची आहे' अशी सुरुवात केली तर मात्र बोलणं तिथेच संपतं.

फिजिओथेरपिस्टना सांगा की यंत्रांची सिटिंग कमी करून त्याच पैशांत सुरुवातीला आठवड्यातून एकदा, नंतर पंधरा दिवसांनी एकदा, अशा सहा भेटी द्या, ज्यांत मात्रा वाढवणं आणि चुका सुधारणं होईल. हाताने थोडं मोकळं करून मग व्यायाम घेतला तर आईंचीही पसंती राखली जाईल.

सहा आठवड्यांनी गुण पुन्हा लिहा. दोन गुणांनी वाढ असेल तर तसंच पुढे. जेमतेम एक असेल तर आधी पाहा, आठवड्यात पाचपैकी किती दिवस खरंच झालं. तीनपेक्षा कमी असेल तर व्यायाम बदलायची वेळ आहे, औषध वाढवायची नाही. नेमाने करूनही बारा आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा मध्येच कळ गुडघ्याखाली उतरू लागली, तर पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि झालेली सगळी नोंद सोबत न्या.